यांना आता काय कमी आहे?

एखाद्या लाडक्या विनोदी सिनेमाचा दुसरा भाग येतो. आपण उत्साहाने जातो, अर्ध्या तासात गार पडतो आणि चिडून घरी येतो. मग कुणीतरी समंजस माणूस समजूत घालतोच : ‘अरे, पहिला कुणी पळवलाय का? तो आहे तिथेच आहे. वाटेल तेव्हा लाव आणि बघ.’ हे म्हणणं बिनतोड वाटतं. शेजाऱ्याने विद्रूप घर बांधलं म्हणून आपल्या घराच्या भिंती वाकत नाहीत. तरीही ही समजूत कधी पुरी पडत नाही. तिकिटाचे पैसे वाया गेल्याचं दुःख म्हणावं, तर तेवढ्याच पैशांत कितीतरी भिकार सिनेमे आपण बघतो आणि स्टँडवरून गाडी काढेपर्यंत विसरतोही. हा राग मात्र टिकतो. आपल्या ओळखीच्या माणसाशी कुणीतरी वाईट वागलं की जसा येतो, तसा हा राग असतो. तो निव्वळ खुळचट आहे की त्याला काही नैतिक आधार आहे, याचा मी बरीच वर्षं अधूनमधून विचार करत आलो आहे. निमित्त प्रत्येक वेळी एकच असतं : ‘फिर हेराफेरी’.

आधीच सांगून टाकतो, हा सिनेमा पडलेला नाही. जून २००६ मध्ये आला आणि चांगला चालला. आज मोबाइलवर जी मीम्स फिरतात त्यांतली निम्मी या दुसऱ्या भागातली असतात, असं माझा भाचा सांगतो, आणि या विषयात त्याचा अधिकार माझ्याहून मोठा आहे. त्यामुळे मी इथे जी निराशा म्हणतो आहे ती माझी आणि माझ्या आसपासच्या काही माणसांची. बहुमत आमच्या बाजूने नाही.

पहिला ‘हेराफेरी’ मार्च २००० मधला. दिग्दर्शक प्रियदर्शन. मूळ गोष्ट ‘रामजीराव स्पीकिंग’ या १९८९ च्या मल्याळम सिनेमाची, सिद्दीक आणि लाल या जोडगोळीने केलेली. हिंदी संवाद नीरज वोरांचे. थिएटरात पाहिला त्याहून कितीतरी जास्त लोकांनी तो टीव्हीवर पाहिला. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मधूनच सुरू करून, जाहिरातींसकट. असा पाहिलेला सिनेमा घरातल्या माणसासारखा होतो. त्याची पहिली भेट आठवत नाही.

आम्हां मराठी माणसांना तर तो जरा जास्तच जवळचा. हिंदी सिनेमातला मराठी माणूस म्हणजे एरवी हवालदार, नाहीतर घरगडी, नाहीतर भांडीवाली बाई. इथे बाबूराव गणपतराव आपटे नावाचा, बंडी घालून जाड भिंगांच्या चष्म्यातून जगाकडे बघणारा, मराठी वळणाचं हिंदी बोलणारा माणूस थेट मधोमध येऊन बसला. काम केलं परेश रावल या गुजराती नटाने, आणि इतकं चोख केलं की आमच्याकडे कुणाला तक्रार सुचली नाही. प्रत्येकाच्या ओळखीत एक बाबूराव निघाला. आमच्या इमारतीत तर दोन होते.

पण तो सिनेमा नुसत्या बाबूरावमुळे टिकलेला नाही. तो टिकला कारण त्यातल्या तिघांनाही खरोखरीची नड आहे. बाबूरावचं गॅरेज चालत नाही. डिरेक्टरीतल्या घोळामुळे त्याच्याकडे गाड्यांऐवजी मासळीवाल्याचे फोन येतात. श्याम बँकेत वडिलांच्या जागी नोकरी मिळावी म्हणून शहरात आलेला, आणि त्या एकाच जागेवर हक्क सांगणारी एक मुलगी आहे जिला ती नोकरी त्याच्याइतकीच हवी आहे. राजू बेकार आहे, लुच्चा आहे, आणि ही बेकारी आईपासून लपवून आपलं सगळं झकास चाललंय असं तिला भासवतो आहे. भाडं थकलेलं, एकमेकांवर विश्वास नाही, आणि एकमेकांशिवाय जायला जागा नाही. मग चुकून एका अपहरणकर्त्याचा फोन त्यांच्याकडे येतो. तो जेवढे मागतो त्याच्या दुप्पट आपण मुलीच्या आजोबांकडे मागायचे आणि वरचे आपल्याकडे ठेवायचे, असा बेत ठरतो.

हा बेत नीट पाहिला तर भयंकर आहे. एका लहान मुलीचा जीव टांगणीला लागलेला आणि हे त्यावर दलाली कमावणार. तरी आपण हसतो, आणि हसताना मन खात नाही. का? तर ही माणसं वाईट नाहीत, ती बुडताहेत, आणि बुडताना जे हाताला लागेल ते धरताहेत, हे आपल्याला कळत असतं. ॲरिस्टॉटलने हास्यास्पद कशाला म्हणावं ते सांगताना एक अट घातली आहे : दोष हवा, पण त्याने कुणाला यातना होता कामा नयेत. ‘हेराफेरी’ या अटीच्या अगदी काठावरून चालतो. यातना आहेत. त्या विनोदाच्या खाली, जमिनीतल्या पाण्यासारख्या आहेत, आणि वरचं हिरवं त्यांच्यावरच जगतं. आपल्याकडे १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’चंही तेच आहे. दोन पुरुष साड्या नेसून फिरतात म्हणून आपण हसतो, पण त्या साड्या नेसाव्या लागतात कारण भाड्याची जागा मिळत नाही. शहरात खोली शोधलेल्या माणसाला तो सिनेमा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

यातलं मला जे कळलं ते आमच्या दादाकडे बघून. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखाना बंद झाला आणि पुढची दोन वर्षं तो घरी होता. घरी म्हणजे सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी कारखाना सुटायच्या वेळेला परत यायचा. आईला माहीत होतं. आईला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. डबा रोज भरला जायचा आणि रोज रिकामा होऊन यायचा. या गोष्टीवर घरात कुणी कधी बोललं नाही. त्या काळात ‘हेराफेरी’ टीव्हीवर पहिल्यांदा लागला तेव्हा राजू आईशी खोटं बोलतो त्या प्रसंगाला दादा जो हसला, तसा हसताना मी त्याला आधी पाहिला नव्हता. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. आई आत होती. ती बाहेर येऊन काय झालं म्हणाली, आणि मग तीही उभ्याउभ्या बघत राहिली, आणि तीही हसली. एवढंच. त्यानंतरही डबा भरला जात राहिला. पण काहीतरी बोललं गेलं होतं, आणि ते त्या सिनेमाने बोलून दिलं होतं.

आता ‘फिर हेराफेरी’. २००६ साली दादाला नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती, आम्ही दोघं मुद्दाम सुट्टीच्या दिवशी गेलो. सिनेमा सुरू होतो तेव्हा तिघं श्रीमंत आहेत. बंगला, गाड्या, नोकरचाकर. इथपर्यंत ठीक, पहिल्याच्या शेवटी त्यांच्या पदरात पैसा पडला होता आणि त्याचं त्यांनी असंच काहीतरी केलं असतं. पण या सुरुवातीच्याच मिनिटांत आपल्याला उरकून सांगितलं जातं की मधल्या काळात राजूची आई गेली आणि श्यामची अनुराधाही गेली. झालं. दोन वाक्यांत दोन बायका. जिच्यापासून बेकारी लपवण्यासाठी राजूने एवढे उपद्व्याप केले ती आई, आणि बँकेच्या त्या एकाच जागेसाठी श्यामशी भांडणारी अनुराधा. त्यांना मारलं, कारण पुढच्या गोष्टीत त्यांची अडचण होती. शोक करायला वेळ नाही, कारण गाणं सुरू व्हायचं आहे. वर नव्या सिनेमातल्या फसवणाऱ्या बाईचं नावही अनुराधाच ठेवलं आहे. हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नाही की आलं आणि त्याला त्यात गंमत वाटली, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्हीही मला सारखंच दुखतं.

मग ती बाई येते आणि एकवीस दिवसांत पैसे दुप्पट करून देण्याची योजना आणते. राजू फसतो. बंगला जातो, एका गुंडाचं कर्ज होतं, तिघं पुन्हा चाळीत येतात, आणि शेजारच्या खोलीतली टोळी ज्या लुटीचा बेत करते आहे ती लूटच आपण लुटावी असं ठरतं. (गोष्टीचा हा भाग १९९८ च्या ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ या इंग्रजी सिनेमाशी फारच मिळताजुळता आहे.) विनोद भरपूर आहेत. राजपाल यादव आहे, जॉनी लिव्हर आहे, मनोज जोशींचा कचरा सेठ आहे. हॉल हसत होता. मीही मधूनमधून हसलो. मध्यंतरात दादा चहाच्या रांगेत उभा असताना म्हणाला, ‘पण यांना आता काय कमी आहे?’

या वाक्यावर मी गेली अनेक वर्षं रेंगाळलो आहे. दादाला विचाराल तर असं काही तो बोलला होता हे त्याला आठवणारही नाही. पण त्यात सगळी तक्रार आली आहे. पहिल्या सिनेमात त्यांना गरज होती, दुसऱ्यात हाव आहे. बंगला असलेल्या माणसाला तो दुप्पट करायचा आहे. आता हावेला हसणं हा काही हलका धंदा नाही. मोलियरच्या कंजूषापासून आपल्या तमाशातल्या सावकारापर्यंत लोभी माणसाची फजिती हा विनोदाचा जुना आणि मानाचा विषय आहे. पण ते हसू बाहेरून असतं. सावकार आपटला की आपण हसतो ते ‘बरी खोड मोडली’ म्हणून. बुडणाऱ्याला हसणं म्हणजे ‘मलाही पोहता येत नाही’ असं कबूल करणं. दोन्ही हसू चांगली. मात्र ज्या माणसाकडे पाहून मी एकदा दुसऱ्या प्रकारचं हसलो, त्यालाच उचलून पहिल्या प्रकारच्या हसण्यासाठी माझ्यापुढे उभं केलं, तर काहीतरी मोडतं. ज्याच्यात मी स्वतःला पाहिलं होतं त्याची खोड मोडताना बघायला मला बसवलं आहे. दादा राजू होता. आता राजू कोण आहे?

याच्यावर भाच्याचा आक्षेप असा की पहिल्या सिनेमातही हाव आहेच. खंडणीची रक्कम दुप्पट करणं ही हाव नाही तर काय? मुद्दा बरोबर आहे. पण तिथे हाव गरजेच्या पोटी जन्मते, आणि जन्मल्यावर त्या तिघांनाच तिची भीती वाटते. त्यांचे हात कापतात. दुसऱ्या सिनेमात फक्त धावपळ आहे, कापरं नाही. भाच्याचा दुसरा आक्षेप जास्त जड आहे : ‘मामा, तुम्हाला तो सिनेमा आवडला कारण तेव्हा तुमच्या घरात तसं चाललं होतं. माझ्या घरात तसं काही चाललेलं नाही. मला दुसराच जास्त हसवतो.’ त्याला दुसरा जास्त हसवतो हे मी मान्य करतो, आणि त्याच्या घरात तसं काही चाललेलं नाही याचा मला आनंदही आहे. पण मग आपण दोघं एकाच बाबूरावबद्दल बोलत नाही आहोत, एवढं त्यानेही मान्य करावं.

आणखी एक आक्षेप सिनेमाचे जाणकार घेतात. म्हणतात, कसलं मूळ आणि कसलं पावित्र्य? तुमचा ‘हेराफेरी’ स्वतःच दुसऱ्याच्या सिनेमाची हिंदी आवृत्ती. आणि खरंच, हा वंशवृक्ष मोठा मजेशीर आहे. ‘रामजीराव स्पीकिंग’मधल्या बाबूरावच्या जागी मन्नार मत्ताई नावाचा माणूस आहे, गॅरेजऐवजी त्याची बंद पडत आलेली नाटक कंपनी आहे. त्याचाही दुसरा भाग निघाला, १९९५ साली, ‘मन्नार मत्ताई स्पीकिंग’. प्रियदर्शनने २००६ च्या डिसेंबरात त्याच्यावरून हिंदी सिनेमा केला, पण तो ‘हेराफेरी’चा दुसरा भाग म्हणून नाही : नाव ‘भागमभाग’, पात्रं वेगळी, आणि परेश रावल त्यात नाटक कंपनीचा मालक. म्हणजे एकाच वर्षात दोन सिनेमे आले. एकाकडे दुसऱ्या भागाची गोष्ट होती आणि माणसं नवी होती. दुसऱ्याकडे जुनी माणसं होती आणि गोष्ट भलतीकडची होती. मला ‘भागमभाग’चा कधी राग आला नाही. तो काही फार थोर सिनेमा नाही, पण त्याने माझ्या ओळखीच्या कुणाला हात लावला नाही. गोष्ट उसनी घेता येते, ती खुशाल हातोहात फिरावी. प्रश्न माणसांचा आहे.

पण मग माणसं पुन्हा भेटूच नयेत का? तसंही नाही. चि. वि. जोशींचा चिमणराव किती पुस्तकांतून भेटत राहिला, पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने चिमणराव-गुंड्याभाऊ पुन्हा आले, आणि कुणाला ते जुने झाले असं वाटलं नाही. कारण चिमणरावाचं कधी भलं झालंच नाही. तो कारकूनच राहिला, ओढाताण तीच, पुढच्या गोष्टीत पुन्हा त्याच जागेवरून सुरुवात. मालिकेतल्या पात्राला सुख द्यायचं नसतं, हा अलिखित करार आहे. शेवट असलेल्या विनोदी गोष्टीचा करार वेगळा. तिथे शेवटी सगळ्यांचं बरं होतं. व्रताच्या कहाण्या आपण सुफळ संपूर्ण करतो, त्यातला ‘संपूर्ण’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. सुख मिळालं, म्हणून आता गोष्ट थांबते. किंवा खरं म्हणजे गोष्ट थांबते म्हणूनच ते सुख राहतं. संपूर्ण म्हटलेली कहाणी पुन्हा उघडायची तर आधी ते सुख काढून घ्यावं लागतं. दुसऱ्या भागाला दुसरा इलाजच नसतो. राजूच्या आईला मारणं ही लेखकाची क्रूरता नसेलही. ती त्या धंद्याची गरज असेल. मग निदान थोडं रडावं तरी.

दुसरी गोष्ट बाबूरावची. पहिल्या सिनेमात बाबूरावला आपण विनोदी आहोत हे माहीत नाही. त्याला वाटतं आपण वैतागलेले आहोत. दुसऱ्या भागात त्याला माहीत आहे. तो ओरडतो तेव्हा हॉल हसेल इतकी जागा सोडतो. जणू मधल्या सहा वर्षांत बाबूरावने ‘हेराफेरी’ पाहिला आहे. खरी अडचण ही आहे, आणि ती नटाची नाही. ती आमची आहे, कारण आम्हीच त्याला सहा वर्षं दाखवत होतो की तू कुठे हसवतोस.

पात्राने आपला पहिला भाग वाचलेला असणं हा प्रकार जुना आहे, आणि तो सगळ्यात उत्तम ज्याने हाताळला त्याचं उदाहरण घेतल्यावाचून राहवत नाही. सर्वांतेसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ चा. तो इतका लोकप्रिय झाला की १६१४ साली भलत्याच कुणीतरी टोपणनावाने त्याचा दुसरा भाग छापून टाकला. सर्वांतेसचा स्वतःचा दुसरा भाग त्यानंतर वर्षभरात आला, आणि त्यातल्या लोकांनी पहिला भाग वाचलेला आहे. एक ड्यूक आणि त्याची बायको या वेड्या सरदाराला ओळखतात, वाड्यावर बोलावतात, पाहुणचार करतात आणि पुस्तकातल्यासारखा वेडेपणा त्याने आपल्यासमोर करावा म्हणून खर्चिक नाटकं रचतात. सुरुवातीला आपण त्यांच्याबरोबर हसतो. हळूहळू लाज वाटू लागते. निवेदकही मध्येच म्हणून जातो की या वेड्यांची टिंगल करण्यासाठी एवढा आटापिटा करणारे हे दोघंही वेड्यांच्या जवळपासचेच म्हणायचे. वाचकाला कळतं की ड्यूक म्हणजे आपण. आपणच दुसरा भाग मागितला होता. आणि शेवटी सर्वांतेस किहोतेला शहाणा करून, अंथरुणावर, माणसांच्यात मरू देतो, म्हणजे पुन्हा कुणी त्याला वाड्यावर नेऊ नये.

परेश रावल यांनी मुलाखतींतून उघड सांगितलं आहे की बाबूराव हा त्यांच्या गळ्यातला फास झाला, त्या प्रतिमेतून सुटण्यासाठी त्यांनी वेगळ्या दिग्दर्शकांकडे जाऊन पाहिलं. २०२५ च्या मे महिन्यात ते तिसऱ्या भागातून बाहेर पडले तेव्हा अक्षयकुमारच्या कंपनीने पंचवीस कोटींच्या भरपाईसाठी कायदेशीर नोटीस पाठवली. काही आठवड्यांत ते परतही आले. या भांडणात कोण बरोबर ते मला ठरवायचं नाही. पण त्या दिवसांत समाजमाध्यमांवर लोक जे लिहीत होते त्याचा सूर मला ओळखीचा वाटला. बाबूरावशिवाय हेराफेरी होऊच शकत नाही, त्याने यायलाच हवं, तो आमचा आहे. प्रेमच होतं ते. ड्यूकचंही होतं.

तर पुन्हा त्या समंजस माणसाकडे. पहिला आहे तिथेच आहे, हे त्याचं म्हणणं. पडद्यावरच्या प्रकाशाबद्दल ते खरं आहे. पण सिनेमा अर्धा पडद्यावर असतो आणि अर्धा माझ्या माहितीत. आता राजू आईशी खोटं बोलू लागतो तेव्हा ती पुढे दोन वाक्यांत मारली जाणार आहे हे मला माहीत असतं. मी ते विसरायचं ठरवलं तरी विसरता येत नाही. मग दुसरा मार्ग, न मानण्याचा. कल्पित माणसाच्या बाबतीत ‘खरं काय झालं’ हे ठरवतं कोण? आजी गोष्ट सांगताना चुकली की लहान मूल ठणकावतं, ‘असं नाहीये ते!’, आणि आजीला मागे येऊन दुरुस्त करावं लागतं. ऐकणाऱ्याचाही गोष्टीवर हक्क असतो हे मुलाला न शिकवता ठाऊक असतं. त्या हक्काने मी म्हणू शकतो की राजूची आई आहे, तिला सगळं माहीत आहे आणि ती डबा भरते.

अडचण एवढीच की ज्याने तिला मारलं तो काही उपरा माणूस नव्हता. ‘फिर हेराफेरी’चे दिग्दर्शक नीरज वोरा, म्हणजे तेच, ज्यांनी पहिल्या सिनेमाचे हिंदी संवाद लिहिले. राजू आईशी जे खोटं बोलतो, ज्याला दादा तसा हसला, ते खोटं वोरांनी लिहिलेलं आहे. आजीच म्हणाली की ते असंच आहे, तर मुलाने काय करायचं? मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. त्यांनी आमच्या घरात जे करून ठेवलं त्याचं देणं मोठं आहे, आणि देणं असलेल्या माणसाने दिलेली दुसरी गोष्ट नाकारताना जीभ अडखळते. मी ती नाकारतो तरी. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळत नाहीत, तशाच शेजारी शेजारी पडून आहेत.

वोरांच्या डोक्यात तिसरा भाग होता. २०१६ मध्ये ते कोमात गेले आणि २०१७ च्या डिसेंबरात वारले. दुसरा भाग जिथे त्यांनी सोडला ती जागा आठवा. कोट्यवधींच्या जुन्या बंदुका राजूच्या हातात आहेत, त्यांची किंमत त्याला माहीत नाही, तो पुलावरून वाकून त्या पाण्यात टाकायला निघाला आहे, आणि किंमत सांगण्यासाठी मित्रांचा फोन येतो आहे. हात गुंतलेले, म्हणून मोबाइल तोंडात धरलेला. पडदा तिथेच पडला. या सिनेमात मला खरोखर आवडलेली ही एक चौकट. तिथे कुठलीच आई लागत नाही. तिथे राजू पुन्हा, कित्येक तासांनंतर, खरा अडचणीत आहे.

तिसरा भाग आला तर भाचा तिकिटं काढणार आहे, आणि त्याने मलाही धरलं आहे. दादाला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही जाऊन या, काय झालं ते सांगा.